उंबरठ्याबाहेरचा पाय

माझी शेवटची पोस्टिंग अमरावतीत आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा, चालण्याच्या सरावासाठी बसवलेले दोन समांतर दांडे आणि भिंतीवर माणसाच्या उंचीचा आरसा. इथे कृत्रिम हातपाय, श्रवणयंत्रं, चाकाच्या खुर्च्या मिळतात. निदान मिळाव्यात अशी अपेक्षा असते. नवा पाय बसवलेल्यांना मी चालायला शिकवतो. इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. एखादा चिडून म्हणाला की तुम्हाला काय कळतं आमचं दुखणं, तर मी पँट वर करून दाखवतो. वाद तिथेच संपतो.

शाळांमधून मला भाषणाला बोलावतात. मुलं विचारतात, गोळी लागली तेव्हा कसं वाटलं. मला गोळी लागलीच नाही, सुरुंग होता. पण खरं सांगायचं तर त्या सुरुंगाने जेवढं छळलं नसेल, तेवढं मला शिबिरांनी, शिक्क्यांनी आणि फोनवरच्या ‘जरा थांबा’ने छळलं आहे. शत्रू निदान समोर असतो. इथे समोर टेबल असतं आणि टेबलामागचा माणूस जेवायला गेलेला असतो.

हे लिहितो आहे ते नायक विलास गावंडेसाठी आणि त्याच्या वडिलांसाठी.

विलास वरूडकडचा. घरची संत्र्याची बाग. मी चांदूर रेल्वेचा. एकाच जिल्ह्याची दोन माणसं एका पोस्टवर भेटली की बाकीच्यांना त्यांची बोली ऐकून करमणूक होते. आमचं तसंच होतं. पोस्ट उंचावर होती. दोन बंकर, एक लंगर म्हणजे स्वयंपाकघर आणि मागच्या बाजूला पत्र्याचं छोटं मंदिर. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर सज्ज, मग चहा, मग रस्ता तपासणारी पार्टी, मग रेशन, मग संध्याकाळचा स्टँड-टू. रोज तेच. कंटाळा हा तिथला मोठा शत्रू असतो, हे सिनेमात दाखवत नाहीत.

मंदिरात आम्ही सगळे दारातूनच हात जोडायचो. बाहेर बर्फ, पायात लेस बांधलेले बूट. ते काढायचे आणि घालायचे म्हणजे बोटं बधिर होईपर्यंतचं काम. विलास मात्र रोज बूट काढायचा. मोजे काढायचा. उघड्या पायाने पत्र्यात शिरायचा. मी सेक्शन कमांडर. माझं डोकं फिरायचं.

“अलार्म झाला तर अनवाणी पळशील का?”

“दोन मिनिटांत काही नाही होत, उस्ताद.”

“ऑर्डर आहे. बूट काढायचे नाहीत.”

“आमचे आबाजी बूट घालून उंबरठा नाही वलांडू देत. सवय हाये अंगाले.”

मी त्याला दोनदा पाठीवर भरलेला पिट्टू लावून पळवलं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा अनवाणी आत. मग मी बोलणं सोडलं. तो आत असेपर्यंत दारात त्याच्या बुटांजवळ उभा राहायचो, म्हणजे अलार्म झालाच तर बूट निदान हातात देता येतील.

सुरुंग फुटला तो सकाळी. रस्ता तपासून आम्ही परतत होतो. आधीच्या पावसाने वरची माती घसरून सुरुंग जागचे हलले होते, हे नंतर कळलं. मी पुढे होतो. आवाज झाला आणि मी खाली होतो. रेडिओ विलासकडे होता.

“अल्फा वन टू बेस. माइन ब्लास्ट. वन कॅज्युअल्टी. ओव्हर.”

“बेस टू अल्फा वन. जहाँ हो वहीं रुको. कोई हिलेगा नहीं. पार्टी आ रही है. ओव्हर.”

विलासने रेडिओ मागच्या जवानाच्या हातात दिला. मी ओरडलो, “हलू नको, ऑर्डर आहे.” तो माझ्याच बुटांच्या ठशांत पाय ठेवत आला. मांडीवर पट्टा आवळला.  “झालं, उस्ताद,” म्हणाला. मग मला उचलायला म्हणून बाजूला एक पाऊल टाकलं. तिथे ठसा नव्हता.

पार्टी आली तेव्हा एक कॅज्युअल्टी होती आणि एक शहीद.

लष्करी रुग्णालयात मला पाय मिळाला. उत्तम पाय. तो बुटासाठी बसवलेला होता, कारण फौजी माणूस बुटातच असतो. हे नीट समजून घ्या, पुढचं सगळं यावर आहे. बुटाला टाच असते. कृत्रिम पायाचा घोटा त्या टाचेच्या उंचीला धरून स्क्रूने बसवतात. बूट काढला की टाच जमिनीला टेकते, पाय मागे कलतो आणि माणूसही त्याच्याबरोबर मागे जातो. मी घरी आलो तेव्हा ओवाळायला बायका दारात उभ्या होत्या. मी सवयीने बूट काढले आणि निरांजनासह सगळ्यांच्या देखत उताणा पडलो. बायकोने त्याच आठवड्यात घरात वापरायला वेगळे बूट आणले. माझा प्रश्न सुटला, म्हणून मी तो पाय तसाच राहू दिला.

विलासच्या घरी मी दरवर्षी त्याच्या दिवसाला जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा उंबरठ्याशी थांबलो. आत समोरच्या भिंतीवर त्याचा फोटो, खाली देवघर. आबाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सांगितलं, बूट काढता येत नाहीत. त्यांनी आतून घोंगडी आणली, ओट्यावर अंथरली आणि माझ्याशेजारी बाहेरच बसले. मावशींनी, म्हणजे विलासच्या आईने, ताट बाहेर आणलं. तेव्हापासून दरवर्षी असंच. विलासला मी उंबरठ्यापलीकडून पाहायचो, पत्र्याच्या मंदिराच्या दारातून पाहायचो तसा.

मग आबाजींना साखर निघाली. बागेत काटा रुतला, तो त्यांनी अंगावर काढला, पाय काळा पडला. लेक अकोल्यात जुन्या शहरात दिलेली. तिने तिकडे नेलं. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. बरे होईपर्यंत लेकीकडेच होते, तेवढ्यात अकोल्यात मोठं शिबिर आलं. मोफत साधन वाटप. मंडप, बॅनर, स्वागतगीत. आबाजींना परदेशी बनावटीचा सुंदर पाय मिळाला, सोबत काळा बूट, तोही पायात चढवूनच. स्टेजवर पाहुण्यांनी हार घातला, फोटो निघाला, त्यांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवलं. टाळ्या झाल्या. संध्याकाळी मंडप उतरला.

अनवाणी चालता येईल असे रबरी पाय आपल्याच देशात कधीपासून बनतात. पण शिबिरात परदेशी दिसला पाहिजे. आणि त्या अख्ख्या मंडपात एकाही माणसाने विचारलं नाही की बाबा, तुम्ही घरात चप्पल घालता का. एक वाक्य. बोलायला पैसे पडत नाहीत.

मी वरूडला गेलो तर ओट्याखाली चपलांची रांग होती. मावशींच्या स्लिपर, कुणा शेजाऱ्याच्या वहाणा आणि त्यांच्या बाजूला बूट घातलेला एक पाय, गुडघ्यापर्यंत, भिंतीला टेकून उभा. घरात आबाजी हातांवर सरकत देवघराकडे चालले होते. फरशीवर, स्वतःच्या घरात.

“आबाजी, पाय बाहेर काहून ठेवला?”

“बूट हाये त्याले.”

“मंग बूट काढा न.”

“बूट काढला त पाय मांगं पडते. नाही काढला त उंबरठा वलांडता येत नाही. मंग पायच काढतो.” ते सरकायचे थांबले. “तुले त मालूम हाये हे सारं.”

मला माहीत होतं. मी खाली मान घालून ओट्यावर बसलो.

तिथेच त्यांनी मला मनातलं सांगितलं. गावच्या शाळेच्या आवारात विलासचं स्मारक आहे. चबुतरा, दोन पायऱ्या, काळा दगड. वर चढताना सगळे चपला काढतात. ऑपरेशन झालं त्या वर्षी आबाजींना खुर्चीत बसवून चौघांनी वर उचललं होतं. “पोरगा खांद्यावर आला होता घरी,” ते म्हणाले. “त्याच्या समोर मी नाही जानार खांद्यावर. चालत जाईन. हार घालीन. एवढंच पाह्यजे मले.”

मी म्हटलं, स्मारकाच्या दिवशी बूट घालूनच चढा, मी लोकांना सांगतो. ते पुन्हा देवघराकडे सरकले. मला कळायला हवं होतं, ज्या माणसाने पोराला बुटात उंबरठा ओलांडू दिला नाही, तो पोराच्या दगडावर बूट घेऊन चढेल कसा. दिवस आला. पाहुणे, शाळेची मुलं, माईक. आबाजी बुटाने पहिल्या पायरीपर्यंत आले, चांगले चालले. मग वाकले आणि बूट काढला. मी पाच पावलांवर होतो. “आबाजी,” म्हणेपर्यंत ते मागे गेले. हार हातात तसाच. डोकं मुरुमावर आपटलं, कानामागे खोक पडली. माईकवरचा गृहस्थ म्हणाला, “बाबांना खुर्चीत बसवा, खुर्चीत बसवा.” पुन्हा चौघांनी उचललं. आबाजींनी डोळे मिटून घेतले आणि हार घालून होईपर्यंत उघडले नाहीत.

त्यानंतर पाय ओट्याखालीही दिसेना. मावशींनी तो गोणपाटात बांधून कोठ्यात ठेवला होता, संत्र्याच्या खोक्यांवर.

काम होतं तंत्रज्ञाच्या पाव तासाचं. घोट्याचे चार स्क्रू सैल करायचे, पाय थोडा पुढे कलवायचा, पुन्हा आवळायचे, तळव्याला घसरू नये म्हणून पातळ रबर चिकटवायचं. बस. पुढे बुटाऐवजी सपाट चप्पल वापरायची. या पाव तासासाठी मी किती दारं वाजवली, ते आठवलं की आजही कपाळाची शीर उडते.

शिबिराची नोंद ठेवणाऱ्या अकोल्याच्या सरकारी कार्यालयात गेलो. खिडकीतल्या तरुणाने नाव शोधलं.

“यांना साधन मिळालंय.”

“मिळालंय. जुळवून द्यायचंय.”

“मिळालंय म्हणजे केस क्लोज्ड आहे, काका.”

“माणूस चालत नाही.”

“सराव करायला सांगा.”

शिबिर भरवणारी संस्था बाहेरची. तिच्या नंबरावर गाणं वाजायचं, मग ‘आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’, मग फोन कट. एकदा खरा माणूस लागला. तो म्हणाला, पुढचं शिबिर दुसऱ्या राज्यात आहे, पेशंटला तिकडे घेऊन या. आमच्या अमरावतीच्या केंद्रात, जिथे मी स्वतः रोज उभा असतो, तिथे म्हणाले, पाय अकोल्याचा आहे, दुसऱ्याच्या पायाला हात लावता येत नाही. मी म्हटलं, माणूस अमरावती जिल्ह्याचा आहे. ते म्हणाले, हो, पण पाय अकोल्याचा आहे. मी अकोल्याला कळवलं. अकोल्याचं उत्तर आलं की लाभार्थी अमरावतीचा असल्याने तिकडे संपर्क साधावा. सीमेवर दोन देशांत असतो तसा कुणाचाच नसलेला पट्टा या दोन जिल्ह्यांच्या मधे आहे आणि माझे आबाजी त्या पट्ट्यात बसून होते.

पुढचा स्मारकाचा दिवस जवळ आला. मी वरूडला गेलो, गोणपाट सोडलं, पाय काढला, आबाजींना गाडीत घातलं. ते नको म्हणत होते. “जाऊ दे, हवालदार. कायले लोकायच्या मांगं लागतं?” मी ऐकलं नाही. केंद्रात आणून त्यांना व्यवस्थापक मॅडमच्या दाराशी बाकावर बसवलं, पाय त्यांच्या मांडीवर दिला आणि शेजारी सावधानमध्ये उभा राहिलो. मॅडम आल्या. आत गेल्या. फोन केले. बाहेर आल्या. मी उभाच.

“हवालदार, हे काय चाललंय?”

“ड्यूटी, मॅडम.”

“तुमचा अर्ज मी वर पाठवलाय. नवीन पाय मंजूर व्हायला वेळ लागतो. मी तरी काय करू? माझ्या सहीने पाय उगवत नाही.”

“नवीन पाय कोणी मागितला?”

 “मग काय पाहिजे तुम्हाला?”

“पाना.”

“काय?”

“स्क्रू फिरवायचा पाना, मॅडम. आणि आपल्या तंत्रज्ञांची पंधरा मिनिटं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आबाजींकडे पाहिलं. मग चष्मा काढून डोळे चोळले. “इतक्या महिन्यांत तुम्ही मला बारा कागद दिलेत. एकावर तरी हे लिहायचं.” खरं होतं. अर्जाच्या छापील नमुन्यात ‘नवीन’ आणि ‘बदली’ एवढ्याच दोन चौकटी होत्या. पान्याला चौकट नव्हती. त्यांनी स्वतः आत जाऊन आमच्या तंत्रज्ञाला बाहेर आणलं. मुलगा पदवीधर, कामाचा पक्का. त्याने आबाजींना उघड्या पायाने दांड्यांमध्ये उभं केलं, घोटा सैल केला, कलवला, चालवून पाहिलं, पुन्हा कलवला. आबाजी आरशापर्यंत गेले आणि वळून आले. मागे गेले नाहीत. मॅडम दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी मान हलवली आणि आत निघून गेल्या. पाय अकोल्याचा आहे, हे आता कुणालाच आठवलं नाही.

मग तंत्रज्ञाने पाना हातात खेळवत माझ्याकडे पाहिलं. “काका, तुमचाही बुटाचाच आहे ना?”

मी म्हटलं, “आधी त्यांचं होऊ दे.”

“त्यांचं झालं.”

मी दांड्याशी बसलो आणि बूट काढला.

वाटलं, आता संपलं. कसलं काय. वरूडला पोचलो, गाडीतून उतरलो, आबाजी उघड्या पायाने ओट्यापर्यंत चालत आले आणि उंबरठ्यापाशी थांबले.

“आता काय झालं, आबाजी?”

“हे आत चालते का, सांग.”

“काय चालते?”

“हा पाय. इतके दिवस चपलाईत उभा होता. बुटात होता. आता बूट काढला म्हणून तो पाय झाला का?”

माझा संयम संपला. म्हटलं, दोन जिल्हे लढून आलो, आता तुम्ही तिसरा जिल्हा होऊ नका. ते जागचे हलले नाहीत. चिडून उपयोग नव्हता, हे मला माहीत होतं. विलासला पिट्टू लावूनही उपयोग झाला नव्हता. शेवटी मावशी बाहेर आल्या. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. शेतातून आलेल्या माणसाच्या पायावर त्या घालतात, तसं पाणी त्यांनी आधी आबाजींच्या उजव्या पायावर घातलं, मग डाव्या, बसवलेल्या पायावर. बोटांच्या मधेही हात फिरवला. पदराने पुसला.

“धुतला. आता पायच हाये तो,” त्या म्हणाल्या. “चाला.”

आबाजी उंबरठा ओलांडून गेले. त्यांचा पुढे काही प्रश्न नव्हता.

मी ओट्यावर माझ्या जागी बसायला वळलो. मावशी तांब्या घेऊन तिथेच उभ्या होत्या.

“तुये बी आन.”

“राहू द्या, मावशी. मी बाहेरच बरा.”

“किती साल बाहेर बसशीन बाप्पा? लेकरू आत हाये तुयी वाट पाहत.”

 मी दोन्ही उघडे पाय पुढे केले. त्यांनी धुतले, बसवलेला आणि माझा, दोन्ही सारखे. मी आत गेलो. विलासचा फोटो मला वाटत होता त्यापेक्षा लहान होता. बाहेरून मोठा दिसायचा.

स्मारकाच्या दिवशी पाहुणे, मुलं, माईक, सगळं नेहमीसारखं. खुर्ची आणि चार माणसंही हजर. आबाजींनी हाताने त्यांना बाजूला केलं. सपाट चप्पल पायरीशी काढली. मावशींनी पाणी घातलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला एक हात अंतर ठेवून चढलो, हात लावला नाही. दोन पायऱ्या. ते थांबले, सावरले, दगडाशी गेले आणि हार घातला. नंतर दगडावर नुसता हात ठेवून उभे राहिले. माईकवाल्याने बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ते मिटलं.

“चालत आलो रे,” आबाजी म्हणाले. “उघड्या पायानं.”

मी डोक्यावरची फौजी टोपी, बेरे, नीट केली आणि सॅल्यूट केला. बुटांशिवायचा सॅल्यूट कुठल्याच ड्रिलमध्ये बसत नाही. टाचा जुळवल्या तर आवाजही येत नाही. खाली पायरीशी माझे नवे, बिनटाचेचे बूट आबाजींच्या चपलांशेजारी ठेवलेले होते. नायक विलास भाऊराव गावंडे आत असताना मी इतकी वर्षं बुटात, दारात उभा राहिलो. त्या वर्षी मी बूट काढून आत गेलो.